आधी चहाची वेळ विचारा, मग वायफाय

इंदूरला लोकमान्य नगरातल्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलायला गेले आणि आवाजच फुटेना. सकाळच्या दहा मिनिटांच्या मीटिंगनंतर दिवसभरात तोंडातून शब्द गेला नव्हता. सासूबाई घरात असतात, पण सून कामात आहे म्हणून त्या बिचाऱ्या टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघतात.

तुमचंही असं होत असेल तर को-वर्किंगचा, म्हणजे वेगवेगळ्या कामांची माणसं टेबल भाड्याने घेऊन एकत्र बसतात अशा ऑफिसचा, विचार जरूर करा. फक्त माझ्यासारखी घाई करू नका. मी विजयनगरकडची एक चकाचक जागा पाहिली आणि तीन महिन्यांचे पैसे एकदम भरून टाकले. तिथे ज्याच्या-त्याच्या कानात हेडफोन. घरी एकटी होते, तिथे चाळीस जणांत एकटी. वर एलआयजी चौराह्याचं ट्रॅफिक, जाऊन-येऊन रोजचा दीड तास.

म्हणून आधी एका दिवसाचा पास घ्या, तोही कामाच्या वारी, आणि बारा ते पाच बसा. वायफाय, खुर्च्या, एसी सगळीकडे साधारण सारखंच असतं. बघायचं ते जेवण. लोक आपापल्या टेबलावर स्क्रीनकडे बघत जेवतात की एका टेबलाशी डबे उघडतात? चहाला एकटे उतरतात की कुणी हाक मारतं? गीता भवनकडच्या माझ्या आताच्या जागेखाली चहाची गुमटी आहे. साडेचारला कुणीतरी ‘चलो भिया’ म्हणतो आणि निम्मा मजला खाली उतरतो. ती हाक ऐकली आणि मी त्याच दिवशी नाव नोंदवलं. घरापासून स्कूटरने वीस मिनिटं; त्याहून लांबची जागा पावसाळ्यात आपोआप सुटते.

पैशांचं थोडक्यात सांगते. सांगितलेल्या दरावर बहुधा 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो धरूनच आकडा विचारा. डिपॉझिट कधी परत मिळणार आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे लिहून घ्या. दिवसभर कॉल असतील तर फोन बूथ किती आहेत ते मोजा. आणि आपल्या कंपनीला आधी विचारा. क्लायंटचा डेटा उघड्यावर चालत नसेल तर सगळंच मुसळ केरात.

रोज मात्र जाऊ नका. मी मंगळवार आणि गुरुवार धरलेत, आणि ते मोडत नाही. वार बदलत राहिले की दर खेपेला समोर नवेच चेहरे, आणि आपणही त्यांना नवे. 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रामरने हा प्रकार सुरू केला, तोही आठवड्यातून दोनच दिवस. पहिला महिनाभर तिकडे कुणी फिरकलंच नाही म्हणे. तेव्हा पहिल्या चार मंगळवारी कुणी बोललं नाही तर पैसे वाया गेले समजू नका.

बोलणं सुरू कसं करायचं? ‘आपण काय करता’ हा प्रश्न तर अजिबात नको, इंटरव्ह्यू वाटतो. इंदूरमध्ये खाण्याचा विषय काढा. मी एकदा मुद्दाम साबुदाण्याची खिचडी जास्त नेली, आपली घरची, दाण्याचं कूट घातलेली. समोरच्या मुलाने एक घास घेतला, ‘दीदी, जिरावन नहीं है?’ म्हणाला आणि थेट आपल्या बॅगेतून पुडी काढली! लॅपटॉपच्या चार्जरशेजारी जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला. सासूबाईंना सांगितलं तर त्या दोन दिवस हसत होत्या. त्या दिवसापासून आमचं टेबल ठरलं. चार ते पाच मी कानातून हेडफोनही काढून ठेवते. कान बंद असलेल्या माणसाला हाक मारायला लोक कचरतात.

खर्च झेपत नसेल तर घरून काम करणारी एखादी मैत्रीण गाठा आणि ठरल्या वारी आलटून-पालटून एकमेकींकडे बसा. आणि झोप-भूकच उडाली असेल तर त्यावर टेबल-खुर्ची हा उपाय नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

पुण्यात रंगपंचमी असते, पण माझ्या ऑफिसला सुट्टी नसते. आधीच्या दोन वर्षी इथे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघालेली असताना मी खिडकी लावून कॉलवर होते. गेल्या खेपेला को-वर्किंगच्या चहाच्या मंडळींनी आठवडाभर आधीच बजावलं, मी रजा टाकली. मॅनेजरने विचारलं, ‘ही कसली सुट्टी?’ उत्तर म्हणून आम्हा पाच जणांचा फोटो पाठवला. त्यात मी कुठली, ते त्याला अजून सापडलेलं नाही.