बांधकाम काढलंय? मग सळईचं वजन स्वतः काढायला शिका

नववीत शिकलेलं सूत्र आठवा, घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. आपल्याला वस्तुमान पाहिजे (बाजारात त्यालाच आपण वजन म्हणतो), मग दोन्ही बाजूंना आकारमानाने गुणायचं, एका बाजूचं आकारमान कटतं आणि उरतं वस्तुमान = घनता × आकारमान. बीजगणित एवढंच, खरा घोळ होतो तो युनिटमध्ये.

आता १२ एमएमचा बार (म्हणजे १२ मिलिमीटर जाडीची सळई) घ्या, लांबी १२ मीटर. स्टीलची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे जाडीपण मीटरमध्येच आणायची, ०.०१२ मीटर. नाहीतर एका बारचं वजन कोटीत जातं! बारच्या गोल तोंडाचं क्षेत्रफळ, म्हणजे पाय (π) गुणिले व्यासाचा वर्ग भागिले ४, ३.१४१६ × ०.०१२ × ०.०१२ ÷ ४ = ०.०००११३१ चौरस मीटर, त्याला १२ मीटर लांबीने गुणलं की ०.००१३५७ घनमीटर, आणि त्याला ७८५० ने गुणलं की साधारण १०.६५ किलो.

साइटवर एवढं कोणी करत बसत नाही, तिथे एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ करतात. तो १६२ काही आकाशातून पडलेला नाही, ७८५०, पाय (π), ४ आणि चौरस एमएमचे चौरस मीटर करायचे दहा लाख हे सगळं एकत्र केलं की तोच येतो. १४४ ÷ १६२ = ०.८८९ किलो, एका मीटरला.

हे कळायलाच पाहिजे, कारण बार हलका असेल आणि तुम्ही नगावर घेतला तर पैसे जातात, आणि किलोवर घेतला तर पैसे बरोबर पण मिस्त्री बार मोजून बांधतो ना, मग स्लॅबमध्ये लोखंड कमी पडतं, आणि हे दुसरं मला जास्त वाईट वाटतं कारण ते नंतर दिसतच नाही. आयएस १७८६ (सळयांचं भारतीय मानक) प्रमाणे १२ एमएमच्या लॉटला, म्हणजे एकत्र आलेल्या मालाला, वजनात ५ टक्के कमीजास्त चालतं. म्हणजे १२ मीटरचे ५० बार ५३३ किलोच्या आसपास भरायला पाहिजेत, ५०६ च्या खाली गेले तर माल उतरवून घेऊ नका.

जाडी तपासायला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावू नका, बारवरच्या उभारलेल्या कडांमुळे माप चुकतं. त्यापेक्षा सूत्र उलटं फिरवा, बरोब्बर एक मीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवा, वजनाला १६२ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. समजा ०.८२ किलो भरला, तर १३२.८ चं वर्गमूळ ११.५, म्हणजे बिलावर १२ लिहिलेलं असलं तरी हातात आलेला बार साडेअकराचा आहे.