उद्या किती ताटं करायची? मेसच्या वहीतून संख्याशास्त्र

सदाशिव पेठेतली एक मेस धरा. दहा दिवसांत दुपारी गेलेली ताटं: ६२, ५८, ६०, ६५, ५८, ६१, ५८, ६४, ५९, ११५. उद्या किती ताटांचा स्वयंपाक करायचा, हे मालकाला सांगायचंय.

आधी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि आकडे चढत्या क्रमाने लावा: ५८, ५८, ५८, ५९, ६०, ६१, ६२, ६४, ६५, ११५. शेवटचा आकडा लगेच खुपतो. तो विसर्जन मिरवणुकीचा दिवस होता.

आता मध्य. बेरीज ६६०, म्हणजे सरासरी ६६. पण वही बघा, दहातल्या नऊ दिवशी ६६ ताटं गेलेलीच नाहीत! पाचव्या-सहाव्या आकड्यांच्या मधला मध्यक ६०.५, आणि सर्वांत जास्त वेळा आलेला बहुलक ५८. परीक्षेच्या पेपरात तिन्ही लिहा, मालकाला मात्र ‘नेहमीचा दिवस’ म्हणून मध्यक सांगा.

मग प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते. प्रत्येक आकड्यातून ६६ वजा करा, उत्तरांचे वर्ग करून बेरीज घ्या: २७२४. हे दहा दिवस म्हणजे सगळ्या दिवसांतला फक्त नमुना, म्हणून १० ने नाही तर ९ ने भागा आणि वर्गमूळ काढा: सुमारे १७.४. मिरवणुकीचा दिवस वगळून हेच गणित पुन्हा करा (मध्य आता ६०.६, भागायचं ८ ने), उत्तर येतं २.७. एवढा गोंधळ एका दिवसाचा. तो दिवस खोडू मात्र नका, वेगळ्या पानावर लिहा; पुढच्या गणपतीत लागेल.

आता संभाव्यता, आणि खरी गंमत इथेच आहे. ताट १०० रुपयांना, खर्च ६०. विकलं तर ४० सुटतात, उरलं तर ६० बुडतात. साठावं ताट करावं का? साध्या नऊ दिवसांपैकी ६० किंवा जास्त ताटं गेली पाच दिवशी. म्हणून ५/९ × ४० वजा ४/९ × ६०: साधारण साडेचार रुपये तोटा. एकोणसाठाव्याला ६/९ × ४० वजा ३/९ × ६०: पावणेसात रुपये फायदा. म्हणजे ५९ वर थांबा. ‘जास्तच करून ठेवू’ म्हणणाऱ्या मालकाला हे पटायला वेळ लागतो.

नऊ दिवस तसे तुटपुंजेच. दोन-तीन महिन्यांची वही मिळाली तर उत्तम. तेव्हा संकष्टीचे दिवस वेगळे काढा. उपासाच्या दिवशी भाजी-पोळीच्या ताटाची शक्यता वेगळी असते, हीच सशर्त संभाव्यता.

आणखी एक. वहीत फक्त गेलेली ताटं असतात, ‘संपलं’ ऐकून परत फिरलेली गिऱ्हाईकं नसतात. रोज ५९ च केलीत तर वही कधीच ५९ च्या वर जाणार नाही. म्हणून आज ५९ संपून दोघं परत गेले, तर मागणीच्या रकान्यात ६१ लिहा.