न्हाणीचं पाणी केळीला: आमचा खड्डा

आमच्या जुन्या घरी न्हाणीचं पाणी सरळ मागच्या अळवात जायचं. न्हाणी पाडून बाथरूम झालं तेव्हा गवंड्याने पाइप गटाराला जोडून दिला, आणि त्याच मे महिन्यात केळी माना टाकायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "चार माणसं आंघोळी करतात आणि केळ तहानेने मरते?" मग पाइप पुन्हा वळवला, या वेळी एका खड्ड्यात, आणि खड्ड्याभोवती केळी लावल्या. तेव्हापासून जे शिकले ते सांगते.

आधी हिशेब. माणशी दोन बादल्या, बादली १५ लिटरची, म्हणजे चौघांचं रोजचं १२० लिटर. वाढलेली केळ उन्हाळ्यात दिवसाला १५-२० लिटर सहज पिते आणि त्यातलं बहुतेक पानांवाटे हवेत सोडते. तेव्हा चार केळी आणि आतल्या कडेला अळू, एवढं या पाण्यावर निभतं.

खड्ड्याची जागा न्हाणीपेक्षा खालच्या अंगाला आणि विहिरीपासून निदान ५० फूट लांब हवी. आमच्या रत्नागिरीकडच्या जांभ्या दगडात भेगा असतात, पाणी कुठून कुठे निघेल सांगता येत नाही. म्हणून विहीर उताराच्या खाली असेल तर तिथे खड्डा नकोच. चार फूट रुंद, अडीच फूट खोल खणा. निघालेल्या मातीचा भोवती वरंबा करा. मग संध्याकाळी खड्डा पाण्याने काठोकाठ भरून झोपा. सकाळी रिकामा दिसला तर जागा चांगली. पाणी तसंच असेल तर खाली कातळ आहे, दुसरीकडे खणा. इथे आळस करू नका. पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते, कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि बिनहवेचे जिवाणू मातीतल्या नायट्रेटचा वायू करून टाकतात. केळीच्या तोंडचा नत्र हवेत जातो. शिवाय उघड्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

तळाला चिऱ्यांचे तुकडे, वर नारळाची सोडणं, म्हणजे सोललेल्या साली, त्यावर दोन पाट्या शेणखत आणि शिगोशीग पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा. पाइपचं तोंड पातेऱ्याखाली गाडा, पाणी डोळ्यांना दिसता कामा नये. तोंडाशी काथ्याचा बोळा ठेवला की केस अडकतात. दर पंधरवड्याला तो बदला. संडासाचं पाणी इथे आणायचं नाही. भांड्यांचं आणायचं तर खरकटं आधी काढा, नाहीतर उंदीर येतात.

वरंब्यावर वेलची केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, लावा, तलवारीसारख्या अरुंद पानांचे. रुंद पानांचे पाणमुनवे दिसायला गुबगुबीत, पण कामाचे नाहीत.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी जुन्या पानांच्या कडा करपल्या. पोटॅश कमी पडलं की असंच होतं हे ऐकलं होतं, म्हणून चुलीची राख ओतत गेले. कडा आणखी करपल्या. खरा दोष वॉशिंग मशीनच्या पाण्याचा होता. कपड्यांच्या पावडरीतलं सोडियम मातीत साठलं होतं, आणि राखही खारच, त्यात भर! माती वरून पाटीसारखी घट्ट झाली होती. मशीनचं पाणी माडाला वळवलं, माड खारं सोसतो. केळीखालचं मीठ पावसाने धुतलं. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरांच्या वर पडतो, त्यापुढे मिठाचं काय चालतंय?

पण तोच पाऊस नत्र आणि पोटॅशही धुऊन ओहोळात नेतो. म्हणून जूनमध्ये खत घालणं म्हणजे ते समुद्राला घालणं. छपराच्या पागोळ्या खड्ड्यापासून दूर काढा आणि राख भातकापणीनंतर द्या, बुंध्याला ओंजळभर. तिथेच त्या दिवशी ताजं शेण-गोमूत्र टाकू नका, राखेशी गाठ पडली की नाकाला झोंबणारा अमोनिया उडतो, तोही नत्रच.

किती राख, हे घड कुठे गेला त्यावर ठरवते. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. शंभर केळ्यांचा घड म्हणजे ४० ग्रॅम. घरात खाल्ला तर साली खड्ड्यात जातात, आणि पोटात गेलेलं पोटॅशियम शरीर फारसं साठवत नाही, बरंचसं लघवीवाटे बाहेर टाकतं. न्हाणीत कोण काय करतं ते मी विचारत नाही, केळी मात्र जोमात आहेत. घड नणंदेकडे मुंबईला गेला तर ते ४० ग्रॅम एसटीत बसून गेले. त्या केळीला राख जास्त.

केळ एकदाच विते. घड उतरवला की खोड तोडून तुकडे खड्ड्यातच टाका; त्यात दहातले नऊ भाग पाणीच असतं, उरलेलं शेजारच्या मुनव्याला मिळतं. मुनवे मात्र एक-दोनच राखा.

वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये, पाणी दोन दिवस दुसरीकडे वळवून खड्डा उपसा. सोडणांची काळी भुसभुशीत माती झालेली असते, ती आंब्याच्या आळ्यात घाला. पातेरा त्याच वेळी, कोरडा असताना गोळा करा आणि दाताळ्यानेच ओढा, हाताने नको. पातेऱ्यात फुरसं असतं, विषारी साप तो.