जर्मनीत खोली घेताना घरमालकाचं पत्र आधी पक्कं करा

नाशिकहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीला जाताय? खोली ठरवतानाच घरमालकाला विचारा, पत्त्याच्या नोंदणीसाठी सहीचं पत्र देणार ना? राहायला गेल्यापासून 14 दिवसांत तिथल्या नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते. पत्र न देणारी खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका. कर क्रमांकही त्याच पत्त्यावर टपालाने येतो, म्हणून टपालपेटीवर आपलं आडनाव लगेच चिकटवा. नाव दिसलं नाही तर पत्र परत जाऊ शकतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणा. आणि घरी सांगून ठेवा, तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. आईने जुलैत सकाळी आठला फोन लावला, तर तिकडे पहाटेचे साडेचार!