चंद्रावर बेस बांधायचाय? माल तिथलाच वापरा

गोव्यात आपण जमिनीतूनच चिरे काढून घर उभं करतो ना, चंद्रावरही तेच करायचं, इथून सिमेंट पाठवायचं म्हटलं तर रॉकेटचं भाडंच परवडणार नाही. जागा दक्षिण ध्रुवाजवळ बघा, तिथल्या काही खड्ड्यांत ऊन कधीच पोचत नाही त्यामुळे बर्फ टिकलाय, पाणी त्यातूनच.

मग लँडिंग पॅड, हां, घर नंतर! यान उतरताना जी धूळ उडते ती भयंकर धारदार, वारा-पाणी नसल्यामुळे कणांची टोकं झिजतच नाहीत, सील न् सांधे पार खाऊन टाकते. पॅडच्या विटांसाठी तिथली माती चाळा, साच्यात दाबा, साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसवर भाजा, पूर्ण वितळू द्यायची नाही, कण एकमेकांना चिकटले की बास.

घरावर दोन-तीन मीटर मातीचा थर टाकाच, अवकाशातलं घातक रेडिएशन अडवायला. ऑक्सिजन मातीत वजनाने ४० टक्क्यांच्या वर आहे, पण काढायला वीज खूप खाते.

फोंडा-मडगावच्या पोरांना प्रदर्शनासाठी अशी वीट करायची असेल तर जांभ्याची माती नको, ती पावसाने तयार झालेली, बेसाल्टची (काळ्या ज्वालामुखी दगडाची) बारीक भुकटी घ्या आणि चाळताना मास्क लावा.