नवरा पिऊन मारतो: जीव कसा सांभाळायचा

"उतरली की देवमाणूस आहे," या समजुतीवर आधी विसंबणं सोडा. नशेत ताबा सुटतो, साधा शब्द झोंबतो, मारताना जोर कळत नाही. म्हणून पिऊन केलेली मारहाण जास्त घातक ठरते. पण त्याच नशेत तो सोबतच्या धट्ट्याकट्ट्या माणसावर हात टाकत नाही, घरी येऊन दार लावून बायकोवर टाकतो. न पिताही तो पैसे अडवतो, फोन तपासतो, माहेरी जाऊ देत नाही? मग नुसती दारू सुटून मार थांबेल या आशेवर बसू नका.

पिऊन आल्यावर जाब विचारू नका, बाटली ओतू नका. लिंबू, कॉफी, गार पाणी यांनी दारू उतरत नाही. शरीर साधारण तासाला एका लहान पेगाएवढीच दारू पचवतं. रात्री 10 ला संपवलेल्या 5-6 पेगांचा अंमल पहाटेपर्यंत राहू शकतो. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, तेही कुणाच्या तरी देखत.

आवाज चढला की स्वयंपाकघरातून बाहेर या, तिथे सुरी आणि गॅस हाताशी असतो. न्हाणीघरात कोंडून घेऊ नका, पळायला दुसरं दार नसतं. शेजारणीशी खूण आधीच ठरवा, अगदी मिस्ड कॉलसुद्धा चालेल. खूण मिळाली की तिने मध्ये पडायचं नाही, पोलिसांना फोन करायचा. मुलांनीही सोडवायला न येता तिच्याकडे पळायचं.

गळा दाबला असेल तर वळ नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि "गळा दाबला" हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या. आतली सूज तासांनी वाढू शकते. शिवाय एकदा गळा दाबणाऱ्याकडून पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढतो.

वळांचे फोटो त्याच दिवशी काढा, 2 दिवसांनी परत काढा. निळेपण तेव्हा जास्त दिसतं. विश्वासातल्या माणसाला पाठवून आपल्या फोनमधून पुसा. कागदपत्रं एकेक करून हलवा आणि त्याला संशय येऊ नये, फाइल पहिल्यासारखीच जाड दिसावी म्हणून तिच्यात जुनी बिलं घाला.

त्याच्या जेवणात दारू सोडवायचं औषध गुपचूप मिसळू नका. डायसल्फिरॅम हे असंच एक औषध; ते पोटात असताना तो प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणंही धोक्याचं: पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन तो हिंसक होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

घर सोडायचं ठरलं तर त्याला आधी सांगू नका; सगळ्यात जास्त धोका याच दिवसांत असतो. तो बाहेर असताना निघा, फोनचं लोकेशन बंद करा आणि जिथे जाताय तो पत्ता मुलांनाही पोहोचल्यावरच सांगा.