बाळाला आधी पाहावे, मग उचलावे

पाळण्यातले बाळ चुळबुळ करू लागले, त्याने तोंड वेडेवाकडे केले किंवा कुंथल्यासारखा आवाज काढला की घरातले कोणीतरी धावते, त्याला उचलते आणि आईच्या ओटीत ठेवते. ही धाव मायेपोटी असते हे मी जाणते. तरीही माझी दोन मुले आणि आता मुलीचे बाळ सांभाळल्यावर नव्या आईला मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की उचलण्यापूर्वी एक मिनिट थांबून बाळाकडे नीट पाहावे. जन्मल्या दिवसापासून बाळ आपल्या अंगाने, श्वासाने आणि नजरेने बोलत असते. ते बोलणे ओळखू येऊ लागले की दूध कधी पाजावे, कधी खेळवावे, कधी निजू द्यावे आणि कधी सगळे टाकून इस्पितळ गाठावे, हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

झोप आणि जाग

टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी नवजात बाळाचे वर्तन तपासण्याची एक पद्धत १९७३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात बाळाच्या सहा अवस्था धरल्या आहेत : गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जाग, चळवळी जाग आणि रडणे. गाढ झोपेत श्वास एका लयीत चालतो आणि अंग सैल पडलेले असते. हलक्या झोपेत मात्र पापण्यांखाली बुबुळे फिरतात, श्वास कधी भरभर तर कधी मंद चालतो, ओठ चोखल्यासारखे हलतात आणि मध्येच हसू उमटते. सटवाई बाळाला झोपेत हसवते आणि रडवते असे आपल्याकडे म्हणतात; ज्या बायकांनी हे म्हटले त्यांनी ही अवस्था किती बारकाईने पाहिली होती, याचे मला आजही कौतुक वाटते. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी हलकी असते. त्या झोपेत ते हसले तर आपण त्याला हात लावत नाही, पण तेच बाळ कण्हले की उचलतो, आणि जे कदाचित दोन मिनिटांत पुन्हा गाढ झोपी गेले असते त्याला आपणच जागे करतो. म्हणून अशा वेळी डोळे मिटलेले आहेत का ते पाहावे, हात पाळण्याच्या काठावर ठेवावा आणि थोडे थांबावे.

शांत जागेची वेळ सर्वांत मोलाची असते. डोळे उघडे आणि तेजदार, हातपाय जवळजवळ स्थिर आणि चेहरा जणू काही ऐकत असल्यासारखा दिसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत ही अवस्था एका वेळी काही मिनिटेच टिकते, पण शिकण्याचे काम तेव्हाच सर्वांत चांगले होते. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचे बरे दिसते, आणि दूध पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. त्या अंतरावर चेहरा आणून सावकाश एखादे वाक्य बोलावे आणि मग थांबावे. थांबणे महत्त्वाचे आहे, कारण बाळाला उत्तर द्यायला आपल्यापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. ते भुवया उचलेल, ओठ गोल करेल, दुसऱ्या महिन्यात एखादा हुंकार देईल. तो हुंकार म्हणजे आपल्या बोलण्याला दिलेले उत्तर आहे असे मानून पुन्हा बोलावे. भाषेचा पाया या देवाणघेवाणीत घातला जातो. घरात आई मराठीत बोलते, शेजारची आजी कोकणीत लाड करते, मग बाळाचा गोंधळ होईल का, असे मला गोव्यातल्या फोंड्याच्या अनेक आया विचारतात. दोन भाषा ऐकल्याने बोलणे लांबत नाही. प्रत्येकाने आपल्याला जी भाषा मनापासून येते तीच बोलावी. मोबाइलवरची गाणी मात्र बाळाच्या हुंकारासाठी थांबत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये असेच सांगितले आहे.

भूक कशी ओळखावी

रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. माझी नात तीन आठवड्यांची असताना मी तिच्या शेजारी बसून पाहत असे. आधी डोळे मिटलेले असतानाच तिची जीभ किंचित बाहेर येई, मग उजवी मूठ गालावरून घसरत ओठांशी पोचे, मान त्या मुठीकडे वळे आणि तोंड उघडे. या सगळ्याला पाचेक मिनिटे लागत आणि तोवर आवाज असा काही नसे. या टप्प्यावर अंगावर घेतले तर ती शांतपणे पिई; रडू लागल्यावर घेतले तर जीभ टाळूला लागलेली, अंग ताठ झालेले, आणि आधी तिला शांत करण्यातच आईची दमछाक होई.

पहिल्या आठवड्यांत बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. पहिल्या दिवसांतले पिवळसर, घट्ट चिकाचे दूध कधीही पिळून टाकू नये. सुरुवातीला वजन जन्मवेळेपेक्षा सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येते, आणि त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. दूध पुरते की नाही हे पाहण्यासाठी लंगोट मोजावेत : पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले झाले आणि वजन वाढते आहे, तर दूध पुरते आहे. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत म्हणून डायपर वापरावे लागतात हे मान्य आहे, पण ते किती वेळा बदलले आणि किती जड होते याकडे लक्ष ठेवावे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत मे महिन्यातल्या उकाड्यातही वरचे पाणी लागत नाही, आणि उकड्या तांदळाच्या पेजेची निवळसुद्धा देऊ नये. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत काय आणि किती जाते याचे माप नसते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून ती टाळावी. मध तर वर्षभर चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

संध्याकाळचे रडणे

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बाळाचे रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि तीन ते चार महिन्यांत ओसरते. ते बहुधा दिवेलागणीनंतर असते. हे आधी ठाऊक नसेल तर घरात दृष्ट काढणे, आईचे दूध बाधले म्हणणे आणि आईच्या ताटातून एकेक पदार्थ काढून टाकणे सुरू होते.

नात पाच आठवड्यांची असताना चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. घर पाहुण्यांनी भरले होते, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली होती आणि आरतीला घुमट हे मातीचे वाद्य वाजत होते. प्रत्येकीने बाळाला मांडीवर घेतले, प्रत्येकीने गालाला हात लावला. मी समोर बसले होते आणि तिने मान बाजूला फिरवलेली, बोटे फाकवलेली, लागोपाठ दोन जांभया दिलेल्या आणि उचकी लागलेली मला दिसत होती, तरी मी काही बोलले नाही, कारण कोणाचे मन दुखवायचे नव्हते. त्या रात्री ती अकरा वाजेपर्यंत रडली आणि तिच्याबरोबर तिची आईही. नजर फिरवणे, बोटे ताणणे, जांभया, उचक्या, कपाळाला आठ्या यांचा अर्थ ‘आता पुरे’ असा असतो. दुसऱ्या दिवशी आरतीच्या आधीच आम्ही तिला मागच्या खोलीत नेले, दिवा मालवला आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वर दुपटे पांघरले. रडणे पूर्ण गेले नाही, पण अर्ध्या तासात आटोपले.

पोट भरलेले, लंगोट कोरडा, ताप नाही आणि तरीही बाळ रडत असेल, तर अंधूक उजेड, अंगाशी धरणे, एका लयीत झुलवणे आणि एकच एक हलका आवाज हे उपाय करावेत. आईचा धीर सुटू लागला तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून तिने दहा मिनिटे बाहेर वसरीवर जाऊन बसावे. त्यात काहीही अपराध नाही. संतापाच्या भरात बाळाला गदगदा हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ही गोष्ट बाबांसह घरातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगून ठेवावी.

न्हाऊमाखू, निजणे आणि जुन्या रीती

न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या हाताखाली बाळ सुखावते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि खोबरेल तेलाने हलक्या हाताने केलेले मालीश जरूर चालू ठेवावे. मात्र बाळाची छाती पिळणे, पायांना धरून उलटे लोंबकळवणे, नाकाकानांत तेल सोडणे आणि टाळू दाबणे या गोष्टींना नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती किंचित सुजलेली असते आणि ती आपोआप ओसरते. पिळल्यास गळू होऊ शकते. काजळात शिसे असू शकते. धुरीचा धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. नाळेचा तुकडा कोरडा ठेवावा, त्यावर हळद, राख किंवा तेल लावू नये. साधारण एक ते दोन आठवड्यांत तो गळून पडतो.

निजवताना बाळाला नेहमी उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर ठेवावे. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, पण पहिल्या वर्षात कोणतीच उशी नको. झोळीत हनुवटी छातीशी दुमडून श्वास अडू शकतो, त्यामुळे रात्रीच्या झोपेसाठी ती वापरू नये.

जागेपणी मात्र बाळाला पालथे घालण्याची सवय पहिल्या आठवड्यांपासून लावावी, आधी मिनिट-दोन मिनिटे आणि हळूहळू वाढवत दिवसभरात मिळून अर्धा तास. सुरुवात आपल्या छातीवर पालथे ठेवून केली तर ते कुरकुरत नाही. याच सरावातून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरली जाते, पुढे हात पुढे करून वस्तू पकडणे येते आणि चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान बाळ आपले आपण पालथे पडू लागते. एखाद्या आवाजाने दोन्ही हात फाकवून दचकणे ही पहिल्या महिन्यांतली नैसर्गिक क्रिया आहे, तिच्यासाठी काळा दोरा बांधण्याची गरज नाही. सहा महिन्यांपर्यंत ती नाहीशी होते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेवरून मोजले तर उगाच धास्ती वाटते. ३४ आठवड्यांना जन्मलेले बाळ सहा आठवडे लवकर आलेले असते, म्हणून तीन महिन्यांचे झाल्यावर त्याच्याकडून दीड महिन्याच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवावी.

कधी थांबू नये

दोन महिन्यांखालील बाळाने दूध पिणे सोडले, काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक झाले, अंग थंड पडले, शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला किंवा ते उठवूनही उठत नसेल, तर एक मिनिट थांबण्याचा माझा सल्ला लागू होत नाही. तत्काळ १०८ ला फोन करावा. कावीळ जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळ्या उन्हात धरण्यात वेळ घालवू नये, त्याच दिवशी इस्पितळात न्यावे.

वाढीविषयीची शंका वेगळी असते, ती हळूहळू उभी राहते. तीन महिने झाले तरी बाळ माणसाकडे पाहून हसत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही, चार महिने सरले तरी मान डुगडुगते, अंग फार ताठ किंवा फार लुळे वाटते, किंवा ते एकच हात वापरते, तर ‘वर्षाचे झाले की होईल’ असे म्हणत बसू नये. लसीकरणासाठी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जावेच लागते, तेव्हाच हे विचारावे. तेथून म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात अथवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉत) पाठवता येते.

डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, ‘हे कधीपासून?’ याचे उत्तर तयार असावे म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने एकेक ओळ लिहीत गेलो : लंगोट सात, संध्याकाळी दोन तास रडली, काळ्या छत्रीकडे पाहत राहिली. चवथीनंतर दोन आठवड्यांनी एका सकाळच्या चौकटीत जावयाच्या अक्षरात लिहिलेले आहे की बाळाने त्याच्याकडे पाहून, पूर्ण जागेपणी, डोळ्यांसकट हसून दाखवले.